पहिल्या नंबरावर लार्क

बेसबॉलचा सामना मी आजवर मैदानात बसून एकही पाहिलेला नाही. टीव्हीवर पाहिला तो फार नंतर, आणि तोही अर्धाच. इतकं थांबून थांबून चालतं ते, की माझं निम्मं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे होतं. तरी निपाणीच्या आमच्या घरात बसून मी जवळजवळ वर्षभर एक बेसबॉलचा संघ चालवला. तो संघ खरा नव्हता, खेळाडू खरे नव्हते, त्यांची नावं आणि आकडे कॉम्प्युटरनं तयार केलेले होते. पण त्या नऊ जणांना कुठल्या क्रमानं बॅटिंगला पाठवायचं, हे रोज मी ठरवत होते. त्या वर्षी मी ठरवलेली तेवढी एकच गोष्ट होती.

बारावीनंतरचं ते वर्ष. प्रवेशपरीक्षेत मार्क कमी पडले आणि घरी बसून पुन्हा द्यायची असं ठरलं. वर्गातल्या मुली बेळगावला, हुबळीला, पुण्याला गेल्या. मी राहिले. खाली माझ्या वडिलांची, आप्पांची, तंबाखूची वखार, वर आम्ही. हंगामात जिन्यावर पाऊल टाकलं की पाहुण्यांना शिंका सुटायच्या आणि आम्ही त्यांच्याकडे नवलानं बघायचो, कारण आम्हाला वास येतच नव्हता. शेजारच्या कट्ट्यावर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. पानं कापणाऱ्या कात्रीचा बारीक, एकसारखा आवाज दिवसभर यायचा, मधेच कुणीतरी कुणाच्या सासूची नक्कल करायची आणि सगळ्या हसायच्या. मी खिडकीच्या आतल्या बाजूला पुस्तक उघडून बसलेली असायची आणि नक्कल कुणाची चालली आहे ते ओळखायची. बाहेर कधी गेले नाही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं इंग्रजी पुस्तकी आणि मराठी कानावर पडलं तेवढंच. दोन्ही भाषांत गप्प बसता येतं, हे मात्र मला लहानपणीच समजलं होतं.

माझा मोठा भाऊ, अण्णा, तेव्हा अमेरिकेत नोकरीला लागून दीड-दोन वर्षं झाली होती. तिथल्या मित्रांनी त्याला एका लीगमध्ये ओढलं होतं. डेल नावाचा एक वयस्कर गृहस्थ ती लीग चालवायचा. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी कॉफी पिता पिता तो कॉम्प्युटरचं एक बटण दाबायचा. मग सगळ्या संघांचे त्या दिवसाचे सामने कॉम्प्युटर खेळून टाकायचा आणि कुणी काय केलं याचा लेखी वृत्तांत सगळ्यांना दिसायचा. संघमालकानं करायचं ते इतकंच : बटण दाबायच्या आधी आपला क्रम भरून ठेवायचा. अण्णानं दोन आठवडे हौसेनं केलं आणि मग एका रविवारी फोनवर म्हणाला, "सुपे, तू रिकामीच हायस की. रोज दोन मिंटाचं काम हाय. माझा पासवर्ड देतो."

"मला बेसबॉल कळत नाही."

"मला तरी कुठं कळतंय? क्रिकेट समजून लाव."

मी तसंच केलं, आणि तिथंच फसले. आमच्या घरात क्रिकेट म्हणजे आप्पांचं क्रिकेट. तरुणपणी ते बोरगावच्या टेनिस बॉलच्या संघाचे कॅप्टन होते आणि त्यांचं शास्त्र ठरलेलं होतं : सुरुवातीला चेंडू अंगावर घेणारे, मधे सांभाळणारे, आणि शेवटच्या षटकांसाठी एक दणकट गडी राखून ठेवायचा. आमच्या संघात ग्रेडी नावाचा एक जबरदस्त फलंदाज होता. मी त्याला राखून ठेवला, सहाव्या नंबरावर. आम्ही हरत गेलो. वृत्तांत वाचताना मला दिसायचं की ग्रेडीची पाळी येते तेव्हा बहुतेकदा दोघं बाद होऊन डाव संपत आलेला असतो, आणि सामना संपतो तेव्हा तो पुन्हा पाळीची वाट बघत बसलेला असतो.

कारण बेसबॉलमध्ये शेवट नसतो, हे मला कळलंच नव्हतं. नववा गडी खेळून झाला की पुन्हा पहिला येतो. सामन्यात असे नऊ डाव असतात; तिघं बाद झाले की तेवढा डाव संपतो, आणि पुढच्या डावात जिथं थांबलो तिथूनच रांग पुढं सरकते. म्हणजे वरच्या नंबरावरच्या माणसाला पूर्ण हंगामात खालच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा संधी मिळते. राखून ठेवायचं म्हणजे वाया घालवायचं. हे कळलं त्या दुपारी मी भौतिकशास्त्राचं पुस्तक मिटलं आणि सगळ्या खेळाडूंचे आकडे पुन्हा पहिल्यापासून वाचले.

तेव्हा मला लार्क सापडला. टोबी लार्क, वयानं मोठा, पळायला मंद, फटके मारण्यात बेताचा. आधी तो आठव्या नंबरावर असायचा आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जायचं नाही. पण बेसबॉलमध्ये एक सोय आहे : गोलंदाजानं चार चेंडू वाईट टाकले आणि तुम्ही त्यांना बॅट लावली नाही, तर तुम्हाला फुकट पहिल्या टप्प्यावर, म्हणजे एक धाव पुरी करायला लागणाऱ्या चार बेसपैकी पहिल्यावर, जायला मिळतं. लार्क वाईट चेंडूला बॅट लावत नव्हता. तो उभा राहायचा, बघायचा आणि चालत पहिल्या टप्प्यावर पोचायचा. टाळ्या पडाव्यात असं त्यात काही नव्हतं. पण बाद होत नव्हता. मी त्याला पहिला पाठवला. ग्रेडीला दुसरा. तिसऱ्या नंबरावर, जिथं सगळे आपला हिरो ठेवतात, तिथं मी साधा माणूस ठेवला, कारण वृत्तांत वाचून वाचून माझ्या लक्षात आलं होतं की तिसरा येतो तेव्हा बरेचदा आधीचे दोघं बाद होऊन मैदान रिकामं झालेलं असतं. चौथ्याला दुसरा दणकट गडी. आणि नववा अगदीच कच्चा नाही ठेवला, कारण नवव्याच्या मागं लगेच लार्क येणार होता.

"त्या म्हाताऱ्याला पहिला?" अण्णा फोनवर हसला. "त्याला पळाय तरी येतंय काय?"

"पळायला कशाला पाहिजे? तो चालत जातो."

"तू आणि तुझा लार्क," तो म्हणाला. पण आम्ही जिंकायला लागलो होतो, त्यामुळं त्यानं पुढं काही विचारलं नाही. का, हेही विचारलं नाही.

आम्ही जैन. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं, आजही होतं. डेलनं बटण दाबलं की आमच्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असायचे. मी साडेचारलाच क्रम भरून ठेवायची, पाचला निकाल वाचायची, आणि मग पानं मांडायची. ताटावर फोन चालत नसे, म्हणून निकाल डोक्यात घेऊनच मी बसायची. ज्वारीची भाकरी, पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी, मुगाची आमटी, शेंगाची चटणी. आईला खेळाचं काही देणंघेणं नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून तिनं विचारायला सुरुवात केली. "आज ते तुझं म्हातारं चाललं काय गं?"

"दोनदा चाललं."

"शहाणं हाय. उगंच हात-पाय आपटत न्हाय."

आप्पा सुरुवातीला चिडवायचे. "आमच्या विटी-दांडूचा मावसभाऊच की हे बेसबॉल." पण मग एकदा त्यांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून विचारलं, की समजा पहिला आणि दुसरा दोघंही टप्प्यावर आहेत आणि तिसरा साधाच गडी आहे, तर तुझी पंचाईत होत न्हाय व्हय? मी त्यांना तिसऱ्याचं गणित सांगितलं. ते ऐकत होते. माझी प्रवेशपरीक्षा, मार्क, आता पुढं काय, याशिवायचं आमच्यातलं कित्येक महिन्यांतलं ते पहिलं बोलणं होतं. आई म्हणाली, "सुम्ने बसा दोघं आता, आमटी गार व्हायला लागलीया," आणि आम्ही गप्प बसून जेवलो, पण आप्पा मान हलवत होते.

लीगच्या पानावर संघमालक एकमेकांना संदेश लिहायचे. तिथं अण्णाच्या नावानं मीच उत्तरं द्यायची. बोलायला न जमणारी मी तिथं लांबलचक लिहायची. डेलनं एकदा सगळ्यांसमोर लिहिलं, की या हंगामात क्रम लावण्यात सगळ्यात धीराचा माणूस हाच. अण्णाला मित्रांनी ते दाखवलं. तो फोनवर खूश होता. "लई भारी लिवतीस गं तू. चालू दे." मीही खूश होते. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही, हे आज सांगताना थोडं नवल वाटतं. नाव त्याचं होतं, पण क्रम माझा होता, आणि तो रोज साडेचारला माझ्याच हातून जात होता. तेवढं मला पुरत होतं.

आम्ही अंतिम फेरीत पोचलो. ती पाच सामन्यांची होती. दोन आम्ही जिंकले, दोन समोरच्यांनी. शेवटचा सामना सोमवारी होता. रविवारी डेलचं दुकान आणि सामने दोन्ही बंद असायचे, आणि शनिवारच्या रात्री अमेरिकेत घड्याळं एक तास मागं घेतली होती, दर हिवाळ्याच्या तोंडाला घेतात तशी. हे मी शाळेच्या पुस्तकात वाचलेलं होतं, पण वाचलेलं वेळेवर आठवेलच असं नाही. आमच्या घरातली संध्याकाळ सूर्याच्या हिशेबानं चालत होती आणि सूर्य काही मागं गेला नव्हता. मी नेहमीप्रमाणे साडेचारला क्रम भरला. लार्क, ग्रेडी, आणि बाकीचे. पाचला उघडून बघितलं तर निकाल नव्हता. सव्वापाचलाही नव्हता. डेलला उशीर झाला असेल असं समजून मी फोन फडताळावर ठेवला आणि पानं मांडली. दिवस लहान झाले होते, आई घाई करत होती.

तिकडे रोज आठला उठणाऱ्या अण्णाला त्या दिवशी नव्या घड्याळाच्या सातलाच जाग आली. डेलचं बटण दाबायला अजून अर्धा तास होता. अण्णानं सहज पान उघडलं आणि अंतिम सामन्यात पहिल्या नंबरावर लार्कचं नाव बघून त्याला राहवलं नाही. मी मुगाची आमटी वाढत होते तेव्हा त्यानं लार्कला आठव्यावर नेलं, पिम नावाच्या एका भरधाव पळणाऱ्या पोराला पहिला केलं आणि ग्रेडीला चौथ्यावर ठेवलं.

आणि आम्ही जिंकलो.

जेवण आटोपून मी फोन हातात घेतला तेव्हा अभिनंदनांची रांग लागली होती. दोघं टप्प्यावर उभे असताना ग्रेडीनं चेंडू मैदानाबाहेर मारला होता. क्रम बघून मला आधी वाटलं, कॉम्प्युटरची काहीतरी चूक असणार. मग अण्णाचा फोन आला. तो ओरडतच होता. "जिंकलो की गं आपण! बघितलंस? ऐनवेळी बदललं म्हणून जिंकलो! तुझ्या म्हाताऱ्याला आठव्यावर टाकला."

"मला विचारलं नाहीस."

"अगं, वेळ कुठं होता? आणि जिंकलो की!"

मी "हो" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. दुसऱ्या दिवशी आईनं केळं घालून शिरा केला. अण्णानं तिला सांगितलं होतं की सुपीनं वर्षभर लई मदत केली, तिला काहीतरी गोड कर. मदत हा शब्द मला तुपाच्या वासासकट आठवतो. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "जिंकलं न्हवं तुमचं? मग तोंड असं का?"

"अण्णा जिंकला. मी लावलेलं त्यानं बदललं."

"विचारलं न्हाय?"

"नाही."

आप्पांनी शिऱ्याची वाटी माझ्याकडे सरकवली. आई पातेलं पुसत म्हणाली, "मग सांग की त्याला, मला आवडलं न्हाय म्हणून."

"काय सांगू? जिंकलो ना."

"जिंकल्यावर भांडू न्हाय असं कुठं लिवलंय?"

आज मला माहीत आहे, की बॅटिंगच्या क्रमानं एका सामन्यात जवळजवळ काही फरक पडत नाही. पूर्ण हंगामात मिळून थोड्याशा धावा इकडच्या तिकडे होतात. माझ्या क्रमानं आम्ही हरलो असतो का, हे कुणालाही कळायची सोय नव्हती, आणि अण्णाच्या क्रमामुळं जिंकलो असंही म्हणता येत नाही. कॉम्प्युटरनं त्या सकाळी जे आकडे काढायचे ते काढले. मग मला इतकं काय लागलं होतं? त्या रात्री मला याचं उत्तर देता आलं नसतं. आज थोडंफार देता येतं. हरलो असतो तर चूक माझी ठरली असती आणि जिंकलो तर हुशारी त्याची, या दोन्हींच्या मधे मी कुठंच नव्हते. वर्षभर घरात सगळ्यांनी मला जपलं होतं, जेवूखाऊ घातलं होतं, पण मी काय करते याला नाव नव्हतं. आणि जे एक मला जमत होतं, ते त्याच्या पासवर्डच्या आत होतं.

मी स्वतःहून कधी कुणाला फोन करत नसे. त्या आठवड्यात मी अण्णाला केला.

"काय झालं? आई बरी हाय न्हवं?" त्यानं घाबरून विचारलं.

"बरी आहे. तू डेलला सांग, वर्षभर क्रम कोण लावत होतं ते."

"अगं, आता कशाला? हसतील गं सगळे मला."

"मग मी सांगते."

"रागावलीस व्हय तू? सुपे, खेळ हाय तो."

"खेळ आहे म्हणूनच," मी म्हणाले. लगेच फोन ठेवला. खाली वखारीत हमाल बोदांच्या, तंबाखूच्या गाठोड्यांच्या, थप्प्या लावत होते, त्याचा दण दण आवाज माझ्या छातीतूनच येतो आहे असं वाटत होतं.

डेलला मी माझ्या नावानं लिहिलं. फार नाही, चार वाक्यं. वय लिहिलं नाही, गाव लिहिलं. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्याला शंका होतीच, असं त्यानं लिहिलं होतं. अण्णा एकदा त्याच्या घरी जेवायला आला तेव्हा लार्कला पहिला का पाठवतोस असं डेलनं विचारलं होतं, आणि अण्णानं सरळ भाजी फार छान झाली आहे म्हणून विषय बदलला होता. तो संघ मात्र अण्णाच्या नावावर होता आणि राहणार होता. लार्क, ग्रेडी, सगळे त्याचेच. पण लीगमधला तळाचा संघ कंटाळून कुणीतरी सोडला होता. पुढच्या हंगामासाठी तो घेणार का, असं डेलनं विचारलं होतं, आणि खाली लिहिलं होतं की त्या संघात काही राम नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

मी घेतला. खरंच राम नव्हता. नऊ जण बघावेत तर सगळे आठव्या नंबरावरचेच.

नव्या हंगामाचा पहिलाच सामना अण्णाशी लागला. डेलनं मुद्दाम लावला असं अण्णा अजून म्हणतो. त्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला, त्याच्याकडे पहाट असणार. इतक्या लवकर तो उठला होता. इकडचं तिकडचं विचारून झालं, अभ्यास कसा चाललाय विचारून झालं. मग म्हणाला, "लार्कला पहिला ठेवलाय मी."

"बरं केलंस."

"ग्रेडी दुसरा." थोडं थांबला. "खरं तिसरा कुणाला पाठवू? तू तिथं साधाच गडी ठेवायचीस. का गं तसं?"

वर्षभरात त्यानं पहिल्यांदा का विचारलं होतं. मला ते सगळं सांगावंसं वाटलं. दोघं बाद, रिकामं मैदान, वाया जाणारा हिरो, सगळं तोंडाशी आलं होतं.

"अण्णा, तुझ्याविरुद्ध खेळतेय मी आज."

"सांग की गं. तुझ्याकडं तसं पण कोण हाय खेळणारं?"

"नाही सांगणार."

तो हसायला लागला, आणि मग मीही. फोन ठेवल्यावर मी माझ्या नऊ जणांचा क्रम भरला, दोनदा तपासला आणि खाली माझं नाव दिसतंय का ते बघितलं. दिसत होतं, इंग्रजीत, पूर्ण. त्या दिवशी आईला म्हणाले, निकाल सहाला येणार, आज जेवण आधी. आईनं वर बघितलं आणि परातीत पीठ घेतलं.

आम्ही जेवून उठलो तेव्हा उजेड अजून पुरता गेला नव्हता. आप्पा सुपारी कातरत गॅलरीत आले. मी पान उघडलं. नऊ विरुद्ध एक.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"हरले."

"कुणी हरवलं?"

"अण्णानं. नऊ-एक."

आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. रागावतील की समजूत घालतील, मला कळेना. त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला ओढली. "दाखव बघू," ते म्हणाले, "कुणाला कुठं पाठवलं होतंस."

मी फोन त्यांच्यापुढे धरला आणि पहिल्यापासून सांगायला लागले. चौथ्यापर्यंत आले तेव्हा आतून आईही हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली.